कारवाल्याला आपण दिसत नाही तेव्हा : नागपुरातील एका दुचाकी प्रशिक्षणवर्गाविषयी

नागपुरात दुचाकी शिकवणारे पुष्कळ आहेत; पण ती चालवता येऊ लागल्यानंतर भर रहदारीत मन ठिकाणावर कसे ठेवायचे, हे शिकवणारे फार थोडे. हिंगणा मार्गाच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर रविवारी भरणारा हा वर्ग त्या थोड्यांपैकी आहे. एसटी महामंडळात बरीच वर्षे चालकांना प्रशिक्षण देऊन निवृत्त झालेले एक गृहस्थ तो चालवतात. सगळे त्यांना सर म्हणतात. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही, एका ओळखीतून दुसऱ्या ओळखीत त्याची माहिती जाते. मी तेथे माझ्या पुतणीसह गेलो होतो. ती स्कूटर चालवते, मी मोटरसायकल, आणि दोघांनाही कामासाठी वर्धा मार्गावरून ये-जा करावी लागते. माझे मत आधीच सांगून टाकतो : वर्गात काही उणिवा आहेत आणि त्या मी पुढे मांडणारच आहे, परंतु बेसावध कारचालकांच्या गर्दीत रोज दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हा दिवस खर्च करावा, इतका तो मोलाचा आहे. शुल्क एका साध्या आयएसआय हेल्मेटच्या किमतीएवढे आहे आणि ते पूर्ण वसूल होते.

हा वर्ग नेमका कशाचा आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण अनेकजण परवान्याच्या चाचणीची तयारी करून घेतील अशा अपेक्षेने येतात. येथे आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवण्याला फारसे महत्त्व नाही. शांतपणा हा काही माणसांना जन्मतः मिळालेला स्वभाव नसून तो गाडी चालवण्याच्या पद्धतीतून तयार होतो, या धारणेवर दिवसभराची सगळी मांडणी उभी आहे. ज्याच्यापुढे मोकळी जागा आहे, ज्याची बोटे ब्रेकवर तयार आहेत आणि समोरची कार आता काय करणार आहे हे ज्याने दोन क्षण आधी ओळखले आहे, त्याला रागावण्याचे प्रसंगच कमी येतात. जो कारच्या मागच्या दाराला चिकटून चालतो, त्याला मात्र दर चौकात दचकावे लागते आणि दचकलेला माणूस चिडतोच. सकाळी पहिल्या तासात सरांनी हे सांगितले तेव्हा ते मला पटले होते. त्यामागची कारणे कळली ती दुपारपर्यंत.

आपल्याकडे दुचाकीचा प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना एका आकड्यावरून येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या सगळ्याच अपघातांना कारचालक जबाबदार नव्हते, आणि सरही तसा दावा करत नाहीत. मात्र कार आणि मोटरसायकल यांच्या धडकेत काय घडते, याचा एक जुना आणि अजूनही आधाराला घेतला जाणारा अभ्यास ते सांगतात. संशोधक हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात ९०० मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी झाली होती आणि तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दुसरे वाहन ज्यात गुंतलेले होते, अशा अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत त्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलस्वाराच्या हक्काच्या वाटेत आपले वाहन घातले होते. मोटरसायकल आपल्याला दिसली नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता, हे त्या चालकांचे नेहमीचे सांगणे होते. देश वेगळा, रहदारी वेगळी आणि काळही वेगळा. तरी नागपुरातल्या व्हरायटी चौकात धडक झाल्यावर कारमधून उतरलेला माणूस पहिले वाक्य हेच बोलतो.

ते वाक्य खोटे आहे असे आपण गृहीत धरतो. वर्गातला सर्वांत मोलाचा भाग या गृहीतकालाच हात घालतो. मैदानाच्या मध्यभागी एक छोटी कार उभी असते. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला चालकाच्या जागी बसवून, पट्टा लावून, समोर बघायला सांगतात. मग एक दुचाकी उजव्या बाजूने, तिरक्या रेषेत, हळूहळू जवळ येते. त्याच वेळी कारही अगदी संथ गतीने पुढे सरकवली जाते. पुढची काच आणि दार यांच्यामध्ये जो छताचा खांब असतो, त्याच्या आड ती दुचाकी एकदा शिरली की शिरली. कार पुढे सरकते, दुचाकी जवळ येते, पण दोघांच्या वेगाचे प्रमाण तेच राहिल्याने ती खांबामागेच राहते आणि एकदम बॉनेटसमोर उगवते. माझ्या बाबतीत ती दिसली तेव्हा अंतर इतके थोडे उरले होते की खऱ्या वेगात काहीच करता आले नसते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवा खांब त्याच्या डोळ्याला अधिक जवळ आणि त्यामुळे अधिक रुंद असतो. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारी कार आणि तिच्या उजवीकडून सरळ येणारी दुचाकी, ही रचना नागपुरात पावलोपावली आहे. पुतणी कारमधून उतरली ती गप्प होती. नंतर ती एवढेच म्हणाली, “काका, मी इतके दिवस समजत होते की ते माझ्याकडे बघून गाडी घालतात.”

त्यानंतर सर झाडाखाली बसवून डोळ्याचे काम समजावतात, आणि एसटीच्या निवृत्त प्रशिक्षकाकडून ते ऐकताना त्यांच्या वाचनाविषयी आदर वाटतो. माणसाला ठळक दिसते ते नजरेच्या मधोमध असलेल्या अगदी लहान भागात. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारते, त्या उडीदरम्यान मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो आणि मधली रिकामी जागा आसपासच्या चित्रावरून भरून काढतो. कारचालक चौकात उजवीकडे-डावीकडे झटकन मान फिरवतो तेव्हा तो प्रत्यक्षात दोन-चार ठिकाणेच पाहत असतो आणि मधल्या फटीत एक आख्खी दुचाकी मावते. तिची रुंदी कमी, उंचीही फारशी नाही, आणि ती सरळ आपल्याकडे येत असेल तर अगदी जवळ येईपर्यंत तिचा आकार वाढल्याचे जाणवत नाही. शिवाय लहान वस्तू दूर आहे आणि उशिरा पोहोचेल, असा अंदाज बांधण्याकडे माणसाचा कल असतो. म्हणून दुचाकी दिसलेला चालकसुद्धा “अजून वेळ आहे” असे समजून वळतो. यात भर मोबाइलची. मोबाइलवर बोलणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असले तरी डोळ्यांनी टिपलेले मनापर्यंत पोहोचत नाही.

वर्गातील एका मुलीने येथे सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला : “सर, पण मग चूक त्याचीच ना?” सरांचे उत्तर असे होते : “चूक त्याचीच हाय बाई. पण हाड आपलं हाय. त्यानं तुमचा अपमान नाही केला, त्याले तुम्ही दिसल्याच नाही. अपमान नाही, तर राग कायचा?” मला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते. रस्त्यावरच्या रागाची पाळेमुळे शोधत गेलो तर बहुतेक वेळा “त्याने मला मोजले नाही” ही भावना सापडते. कार मोठी, दुचाकी लहान. कारमध्ये गारवा, आपल्या डोक्यावर ऊन. त्यात त्याने कट मारला की मनात सगळा हिशेब एकदम मांडला जातो. त्याने आपल्याला पाहिलेच नव्हते, हे एकदा त्या जागी बसून अनुभवले की त्या हिशेबाला आधार उरत नाही. कारचालकाचा दोष त्याने कमी होत नाही आणि वर्गात कोणी त्याची पाठराखणही करत नाही. नीट पाहणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि मोबाइल हातात धरून गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याचाच गुन्हा आहे, ज्याला पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कारावासही होऊ शकतो. ते काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे. हँडल हातात असताना ते आपले नव्हे, एवढीच सरांची भूमिका.

न दिसण्याची कारणे कळली की उपाय आपोआप सुचू लागतात, आणि दुपारपूर्वीचा सराव त्यांचाच असतो. कारच्या चालकाच्या चेहऱ्याकडे पाहून निश्चिंत होऊ नये, कारण नजरानजर झाली म्हणजे त्याने आपल्याला पाहिले असे नसते. त्याऐवजी कारचे पुढचे चाक पाहावे. गाडी हलली की नाही हे तिच्या धडापेक्षा चाकावर आधी कळते, आणि चाक कोणत्या बाजूला वळलेले आहे त्यावरून तिचा मनसुबा कळतो, इंडिकेटर लागलेला असो वा नसो. गल्लीच्या तोंडाशी कार थांबलेली दिसली, तर आपल्याच पट्ट्यात थोडे डावी-उजवीकडे सरकावे. सरळ रेषेत येणारी वस्तू स्थिर भासते, आडवी हललेली लगेच नजरेत भरते. खांबाच्या आडून बाहेर पडण्याचाही तोच मार्ग. कारच्या मागच्या दाराशेजारी रेंगाळू नये : एक तर तिच्या मागे राहावे, नाहीतर ठरवून पुढे जावे. रस्त्याकडेला उभ्या कारच्या ओळीजवळून जाताना दाराच्या रुंदीएवढी जागा सोडावी आणि मागच्या काचेतून चालकाच्या जागी डोके दिसते का, हे पाहत जावे. गांधीबाग-इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर एवढी जागा सोडता येत नाही, हे सरांना मान्य आहे. तेथे चालत्या माणसाच्या वेगाने जावे, याहून दुसरा उपाय नाही, असे ते स्पष्ट सांगतात.

ब्रेकचा सराव नेटका आहे, पण त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, ६० ने जवळजवळ १७. म्हणजे संकट ओळखून ब्रेकपर्यंत बोट जाण्यात एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असते. ४० च्या वेगात एकूण साधारण २० ते २२ मीटरवर आणि ६० च्या वेगात साधारण ४० मीटरवर थांबता येते, हे कोरड्या मैदानावर शंकू मांडून प्रत्येकाकडून करून घेतात. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, आणि १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेकची, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागण्याची, व्यवस्था सक्तीची झाली आहे. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. दोन बोटे सतत ब्रेकच्या दांड्यावर ठेवण्याची सवय लागली की त्या एका सेकंदातला काही भाग परत मिळतो.

जेवणानंतरचे सत्र मनाचे असते. माझ्या मते याच सत्रासाठी या वर्गाला यावे. अशा विषयावर सहसा उपदेश ऐकायला मिळतो. येथे मात्र शरीरापासून सुरुवात होते. कट बसल्यावर काय होते, हे सरांनी क्रमाने सांगितले : हाताची मूठ आवळते, कोपर ताठ होतात, खांदे वर जातात, दात एकमेकांवर दाबले जातात आणि नजर फक्त त्या एका कारवर खिळते. ताठ कोपरांनी गाडी नीट वळत नाही, आवळलेल्या मुठीने ॲक्सिलरेटर पिळला जातो आणि खिळलेल्या नजरेला बाजूने येणारी दुसरी कार दिसत नाही. पहिल्या कारने केवळ घाबरवले होते; अपघात पुष्कळदा पुढच्या शंभर मीटरांत होतो. म्हणून रागाशी वाद न घालता आधी मूठ सैल करायची, कोपर वाकवायचे आणि आत घेतल्यापेक्षा लांब श्वास बाहेर सोडायचा. हे हेल्मेटच्या आत कोणाला दिसत नाही आणि त्याला दोन-तीन सेकंदच लागतात. लांब उच्छ्वासाने हृदयाची धडधड उतरते, ही शरीराचीच रचना आहे. तिचा उपयोग करून घ्यायचा. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : पुढच्या पाच सेकंदांत मी कोठे असणार आहे? या प्रश्नाने नजर त्या कारवरून सुटून रस्त्यावर परत येते.

हॉर्नविषयी त्यांचा नियम मला विशेष आवडला. हॉर्न हा घटनेच्या आधी, आखूड आणि “मी येथे आहे” एवढेच सांगण्यासाठी. घटना घडून गेल्यानंतरचा लांब हॉर्न रस्त्याला काहीच सांगत नाही, तो फक्त समोरच्याला चिडवतो आणि चिडलेला माणूस दीड टन वजनाचे वाहन चालवत असतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवण्यासाठी कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी १,००० रुपयांचा दंड आहे, ही माहिती वर्गातल्या बहुतेकांना नवीन होती. पाठलागाविषयी तर सर कठोर आहेत. सिग्नलवर गाठून काच ठोकणे, आरशाला हात लावणे, पुढे जाऊन गाडी आडवी घालणे, यांतल्या कशानेही तो चालक उद्या अधिक सावध होत नाही, आणि त्या भांडणात उघड्यावर उभे असतो ते आपणच. त्या कारला पुढे जाऊ द्यावे, तिच्या आणि आपल्यामध्ये दुसरी एक-दोन वाहने येऊ द्यावीत. हात थरथरत असतील तर डावीकडे सुरक्षित जागी थांबून पाणी प्यावे. कोणी याला भित्रेपणा म्हणेल, तर म्हणू द्यावे. येथे एका तरुणाने बराच वेळ वाद घातला की असे सोडून दिले तर कारवाले शेफारतील. सरांनी त्याला गप्प केले नाही. त्यांनी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकले आणि विचारले की आजवर ज्या कारवाल्यांना त्याने धडा शिकवला, त्यांपैकी एकाचा तरी नंबर त्याला आठवतो का. त्याला आठवत नव्हता. मग त्या लोकांना तरी तू कशाला आठवशील, असे सर म्हणाले आणि विषय पुढे गेला. मला वाटते, त्या तरुणाचा प्रश्न अधिक वेळ देण्याच्या योग्यतेचा होता. पोलिसांकडे तक्रार कशी करावी, वाहनाचा क्रमांक, वेळ आणि जागा लक्षात ठेवून नंतर शांतपणे कशी नोंदवावी, हे सांगितले असते, तर सोडून देणे आणि सोसत राहणे यांतला फरक त्याला कळला असता. वर्गात हा भाग नाही आणि तो असायला हवा.

रस्त्यावरचे सत्र सकाळी लवकर, मैदानावरच्या कामाच्याही आधी घेतले जाते. हिंगणा टी-पॉइंटवरून शंकरनगर, झाशी राणी चौक, व्हरायटी चौक आणि तेथून वर्धा मार्गाने रहाटे कॉलनी, अजनी चौक ओलांडून छत्रपती चौकापर्यंत, असा तो रस्ता. अजनीपासून विमानतळाच्या दिशेने वर्धा मार्ग तीन मजली झाला आहे : खाली मूळ रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या बांधकामाचा शहराला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु खालच्या रस्त्यावरून दुचाकी चालवणाऱ्याला त्याच्या खांबांचा वेगळा अभ्यास करावा लागतो. दोन खांबांच्या मधून वळून येणारी कार खांब संपेपर्यंत दिसत नाही आणि तिच्या चालकालाही आपण दिसत नाही. उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाताना डोळ्यांना जुळवून घ्यायला क्षणभर लागतो, तो क्षण दोघांचाही आंधळा असतो. सरांनी तेथे गट थांबवून, कडेला उभे करून, येणाऱ्या प्रत्येक कारच्या पुढच्या चाकावरून ती वळणार की सरळ जाणार, हे ओळखायला लावले. काही वेळातच आम्ही इंडिकेटरपेक्षा अधिक खात्रीने सांगू लागलो. एमएच ३१ असो, ४९ असो की बाहेरगावची पाटी, चाक सगळ्यांचे सारखेच बोलते.

नागपूरचे म्हणून जे काही आहे, त्याची सरांना उत्तम जाण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवले जातात, म्हणजे दुचाकीस्वारांना उन्हात ताटकळावे लागू नये. हेतू चांगला असला तरी त्या वेळात चौकात आधी कोणी जायचे, हे प्रत्येकजण स्वतः ठरवतो, आणि काचा बंद करून गारव्यात बसलेल्या चालकाला बाहेरचा हॉर्नही नीट ऐकू येत नाही. तेव्हा आपला हक्क असला तरी थांबणे, हाच त्यांचा सल्ला. शरीरातले पाणी कमी झाले की माणूस लवकर चिडतो आणि त्याचे निर्णयही मंदावतात, म्हणून उन्हाळ्यात निघण्याआधी पाणी पिणे हे ते ब्रेक तपासण्याच्या बरोबरीचे मानतात. डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या भागात बाहेरगावच्या गाड्या रस्ता शोधत असतात. त्यांचे चालक मोबाइलवरचा नकाशा पाहत अचानक थांबतात आणि अचानक वळतात. त्या दिवसांत मागून जाताना नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवायचे. दुपट्टा तोंडाला गुंडाळून त्यावर हेल्मेट घालणाऱ्या मुलींना त्यांनी तो कानावरून थोडा सैल ठेवायला आणि टोके खोचून घ्यायला सांगितले, कारण घट्ट दुपट्ट्याने मान पूर्ण वळत नाही आणि आवाज दबतो. हे एवढ्या बारकाईने सांगणारा प्रशिक्षक मी पाहिला नव्हता.

दिसण्याच्या बाबतीतही त्यांचा सल्ला साधा आणि पुराव्यावर आधारलेला आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेला आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ते सांगतात : चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्या मोटरसायकलस्वारांमध्ये गंभीर अपघाताचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला. पांढरे हेल्मेट आपल्या उन्हात डोक्यालाही बरे. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा सतत चालूच असतो, त्यामुळे तेवढ्याने आपण वेगळे दिसू, या भरवशावर राहू नये, हेही त्यांनी बजावले.

आता उणिवा. रस्त्यावरचे सत्र रविवारी सकाळी होते, तेव्हा वर्धा मार्ग जवळजवळ मोकळा असतो. जो शांतपणा शिकायचा, त्याची कसोटी सोमवारी सायंकाळी सहा वाजता लागते आणि तेव्हा शेजारी सर नसतात. सुरक्षिततेसाठी पहिला सराव कमी गर्दीत घेणे योग्यच, पण त्यानंतर एखादे सायंकाळचे सत्र ठेवणे अशक्य नाही. रात्रीचा आणि पावसाचा विचार केवळ तोंडी होतो. शहरात सिमेंटचे रस्ते एवढे वाढले आहेत, त्यांच्या कडा बाजूच्या भागापेक्षा उंच राहिलेल्या आहेत, आणि कारने दाबल्यावर दुचाकीस्वार नेमका त्या कडेवरून घसरतो. यावर मैदानात एकही सराव नाही. स्कूटर चालवणाऱ्यांना ब्रेकच्या सत्रात थोडे दुय्यम स्थान मिळाले. सगळी उदाहरणे मोटरसायकलची होती, आणि लहान चाकांची, पायाने ब्रेक नसलेली गाडी वेगळी वागते हे पुतणीला स्वतः विचारून घ्यावे लागले. विचारल्यावर सरांनी मनापासून दाखवले, हेही सांगितले पाहिजे. वाहतूक चिन्हांचा तास कंटाळवाणा आहे आणि तो सहज निम्मा करता येईल. घरी नेण्यासाठी एखादे छापील पान मिळत नाही. एवढे सगळे ऐकलेले आठवड्यात विरते.

सर्वांत मोठी उणीव मला कारची वाटली. प्रयोगासाठी जी कार ठेवली आहे, ती जुनी आणि बुटकी आहे, तिचे खांब बारीक आहेत. आज रस्त्यावर उंच बॉनेटच्या, जाड खांबांच्या आणि मागची काच लहान असलेल्या गाड्या वाढल्या आहेत. त्यांच्यातून काय दिसते आणि काय झाकले जाते, ते त्या बुटक्या कारमध्ये बसून कळणार नाही. मी हे सरांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले आणि अशी गाडी विकत घेणे आपल्याला परवडणारे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट नसेल तर मैदानात प्रवेश नाही, आणि मागे बसून येणाऱ्यालाही तोच नियम लागू आहे. बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पाणी सोबत घ्यावे, कारण सावलीला दोन झाडे आणि एक पत्र्याची शेड एवढेच आहे. मार्च ते जून टाळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गाडीचे ब्रेक आणि टायर नीट नसतील तर ब्रेकचा सराव करू देत नाहीत, म्हणून आधी गाडी दाखवून आणावी. महिन्याभराने पुन्हा एकदा अर्धा दिवस विनाशुल्क येता येते. मी जाऊन आलो आणि पहिल्या वेळी निसटलेले बरेच काही तेव्हा हाताला लागले, विशेषतः मूठ सैल सोडण्याची सवय.

कार चालवणारेही वर्गाला येऊ शकतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांना खांबाचा प्रयोग उलट बाजूने दाखवतात : मान आणि खांदे पुढे-मागे हलवून खांबाआडचे पाहणे, वळण्यापूर्वी दुसऱ्यांदा आणि सावकाश पाहणे, दार उघडताना डाव्या हाताचा वापर करणे, म्हणजे शरीर आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. माझा थोरला भाऊ फक्त कार चालवतो. त्याच्या मुलीने त्या खांबाविषयी घरी इतके सांगितले की त्याने पुढच्या रविवारसाठी नाव नोंदवले आहे. त्याची गाडी उंच बॉनेटची आहे हे कळल्यावर सरांनी ती सोबत आणण्याची विनंती केली, आणि त्या दिवशीच्या सगळ्या दुचाकीस्वारांना तिच्यात बसवून दाखवायला तो तयार झाला आहे.